पाच जणांची एक फाइल

तेओपिस्ता आत्यानं एकवीस वर्षं आमच्या दवाखान्यात क्षयरोग्यांच्या नोंदी ठेवल्या. डॉक्टरसुद्धा तिला आत्याच म्हणत. पण तिच्याविषयी सांगायचं तर आधी त्या दळभद्री फाइलविषयी सांगायला हवं. आठवण झाली तरी मला शिसारी येते.

सगळ्या रोग्यांची माहिती एकाच फाइलमध्ये, आणि ती फाइल सेबुलिबा साहेबांच्या संगणकात. ते नोंदी खात्याचे मुख्य. एका माणसानं वापरायचा तो प्रोग्राम, त्यावर आम्ही पाच जण आपापल्या खोलीतून तुटून पडायचो. दोघांनी एकाच रोग्याचं पान उघडलं की पडद्यावर विचारणा यायची, दुसऱ्यानं यात बदल केलाय, तुमचं ठेवू की त्याचं? जो तो न वाचता ‘माझं’ दाबून मोकळा. दुसऱ्यानं लिहिलेलं गेलं खड्ड्यात!

आत्या तेवढी उठायची. दारोदार जाऊन विचारायची, "अरे, नाम्बीरेचं पान कुणी उघडलंय? बंद करा रे बाबांनो."

"आली बघा वरात," औषधं देणारी अकेल्लो म्हणायची. आम्ही फिदीफिदी हसायचो. लाज नावाची चीज नव्हती कुणाला.

बाबिर्ये बाजारात केळीचे घड विकायची. तीन लेकरं, नवरा नाही. तिच्या थुंकीची तपासणी मीच केली होती. नेहमीच्या गोळ्या तिला लागू पडणार नव्हत्या. मी निकाल आणला, आत्यानं माझ्यासमोर तो फाइलमध्ये टाकला, मोठ्यानं दोनदा वाचला. बाबिर्येचं पान साहेबांनी सकाळपासून उघडून ठेवलं होतं आणि खोलीला कुलूप लावून ते जेवायला, शिजवलेल्या केळ्यांचे मटोके हाणायला गेले होते. ते परत आल्यावर आत्या दारातच म्हणाली, "साहेब, बाबिर्येच्या पानात मी आत्ताच निकाल घातलाय. तुमचं ठेवू नका, माझं राहू द्या."

"हो गं बाई, किती कटकट!" म्हणत साहेबांनी ढेकर दिला आणि सवयीनं स्वतःचंच ठेवणारं ‘माझं’ दाबलं. आत्या तोवर वळली होती. मी दारातून पाहिलं. निस्तरेल आत्या, म्हटलं, आणि चहा प्यायला गेलो.

अडीच महिने बाबिर्ये त्याच निकामी गोळ्या गिळत राहिली. मग बाजारातच रक्त ओकली. तिला कंपालाला नेलं, पण ती वाचली नाही.

जिल्ह्याहून चौकशी आली. साहेब छाती काढून म्हणाले, "संगणकात नोंद नाही, म्हणजे केलीच नाही. हिला आता झेपत नाही."

"मी लिहिलं होतं," आत्या म्हणाली. "हा शेजारी उभा होता. विचारा याला."

माझी नोकरी पुढं चालू ठेवायच्या कागदावर साहेबांची सही व्हायची होती.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. ती सावकाश चौकशीवाल्याकडे वळली.

"हा पोरगा खोटं बोलायचा नाही," ती म्हणाली. "माझ्याकडूनच राहिलं असेल. तसंच लिहा."