तक्त्यावरचे वीस श्वास

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत सगळे तिला सिस्टरच म्हणत. कुणाला इंजेक्शन घ्यायचं असलं की लोक दवाखाना सोडून तिच्या दारात उभे राहत, कारण तिचा हात हलका होता. चौतीस वर्षं तिने मोठ्या इस्पितळाच्या वॉर्डात काढली होती. त्याचा तिला अभिमान होता आणि तो लपवण्याच्या भानगडीत ती कधी पडली नाही.

घरात ती, तिचा धाकटा भाऊ आणि पैलवान. भाऊ कारखान्यात लेथ मशीनवर होता. केसभर फरक पडला तरी तुकडा भंगारात टाकणारा माणूस. बायको गेल्यापासून त्याचा सगळा जीव पैलवानात. पैलवान म्हणजे चौदा वर्षांचा कुत्रा, आता पायरी चढतानाही त्याला मागून आधार द्यावा लागे. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

पैलवान खोकायला लागला तेव्हा दोघं त्याला जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. हृदय थकलंय, त्या म्हणाल्या. गोळ्या दिल्या आणि वर एक कोरा तक्ता दिला.

"रोज तो गाढ झोपला की श्वास मोजायचे. छाती वर जाऊन खाली आली की एक. पूर्ण मिनिटभर. तिसाच्या आत असले तर ठीक. वर जायला लागले तर थांबू नका, फुप्फुसात पाणी साठत असतं."

"स्वप्नातही धापा टाकतो तो," भाऊ म्हणाला.

"स्वप्नात पंजे हलतात, ओठ थरथरतात, आणि थोड्या वेळाने सगळं शांत होतं. ते सोडून द्या. अंग स्थिर आणि नुसती छाती पळतेय, असं दिसलं तर लगेच या."

भावाने तक्ता बहिणीच्या हातात ठेवला. "घरात सिस्टर असताना मी कशाला मध्ये पडू?"

आता सिस्टरने कधी कुणाला न सांगितलेली एक गोष्ट. तिने लपवली होती असं नाही, तिला ती सांगण्यासारखी वाटतच नव्हती. वॉर्डात खाटा चाळीस आणि सिस्टर दोन. ताप थर्मामीटर सांगे, नाडी बोटाखाली लागे. श्वास मोजायचा तर प्रत्येक खाटेपाशी मिनिटभर घड्याळ धरून उभं राहायला हवं, आणि एवढी सवड कुणाला होती? म्हणून श्वासाच्या रकान्यात सगळ्याजणी वीस लिहीत. म्हातारा असो की बाळंतीण, वीस. थोरल्या सिस्टरने पहिल्याच आठवड्यात तसं शिकवलं आणि हाताला तेच वळण लागलं.

दुपारी जेवणं झाली की पैलवान चपलांच्या मांडणीपाशी लवंडायचा. सिस्टर ओटा पुसता पुसता दारातून एक नजर टाकायची आणि लिहायची, वीस. एखाद्या दिवशी बावीस, अगदीच एकसारखं दिसू नये म्हणून.

पाचव्या आठवड्यात भाऊ म्हणाला, "ताई, हा झोपेत फार धापा टाकतोय गं हल्ली."

"स्वप्नं पडत असतील. तक्ता बघ की."

भावाने तक्ता बघितला आणि परत ठेवून दिला. मोजलेल्या गोष्टीशी तो कधी वाद घालत नसे.

दोनच दिवसांनी दुपारी तिच्या हातून चमचा पडला आणि घरंगळत मांडणीपाशी गेला. ती उचलायला वाकली तेव्हा पैलवान हातभर अंतरावर होता. पंजे स्थिर, ओठ स्थिर, छाती मात्र भात्यासारखी चाललेली. तिने घड्याळ लावून मोजलं. अठ्ठेचाळीस. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं, तर पन्नास.

दवाखान्यात पैलवानला ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरबाई तक्ता हातात घेऊन कोड्यात पडल्या होत्या.

"कालपर्यंत वीस-बावीस. म्हणजे एका दिवसात बिघडलं. तुमच्यासारख्या सिस्टरने मोजलंय म्हणून मानते. नाहीतर म्हटलं असतं, महिनाभर साठतंय, आधीच आणायला हवं होतं. उपचार या तक्त्यावरूनच ठरवावे लागतील."

भाऊ पेटीच्या काचेला हात लावून उभा होता. सिस्टरला गप्प बसता आलं असतं. चौतीस वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं, आताही कुणी विचारत नव्हतं.

"मी मोजलेच नाहीत," ती म्हणाली. "एकदाही नाही. नुसतं बघून लिहिले."

डॉक्टरबाईंनी तक्त्यावर आडवी रेघ मारली आणि नव्याने औषधं लिहायला घेतली. भाऊ काचेवरून हात न काढता तसाच उभा राहिला. घरी येताना तो तिच्या चार पावलं पुढे चालत राहिला.

तिला वॉर्डातली नऊ नंबरच्या खाटेवरची बाई आठवत होती. ती सारखी उठून बसायची, आडवं पडलं की जीव घुसमटतो म्हणायची. सिस्टरने तिला दटावून झोपवलं होतं आणि रकान्यात वीस लिहिलं होतं. सकाळी खाट रिकामी होती. तेव्हा सिस्टरने बाईचं नशीब म्हणून चादर बदलली होती. आता त्या बाईचा चेहरा लख्ख आठवत होता, आणि आणखी किती जणांचे आठवायला हवे होते ते तिला माहीत नव्हतं. तिची तिलाच भीती वाटली.

चौथ्या दिवशी पैलवान घरी आला. फार तर दोन-तीन महिने, डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. दुपारी तो मांडणीपाशी झोपला तेव्हा सिस्टर जमिनीवर बसली आणि मिनिटभर मोजलं. मग आणखी दोनदा मोजलं.

"किती?" भावाने विचारलं. चार दिवसांत तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"वीस," ती म्हणाली. या वेळी ते खरंच वीस होते.

भावाने तिच्याकडे बघितलं नाही. हात पुढे करून घड्याळ मागून घेतलं, गुडघे धरत तिच्या शेजारी खाली बसला आणि एकपासून मोजायला लागला.