नेलपॉलिशच्या दोन खुणा

एरास्मोच्या गाडीत अगदी मूळची म्हणावी अशी एकच गोष्ट उरली होती: मागच्या सीटवरचा खड्डा. तोही सासूबाईंनी वीस वर्षं तिथे बसून घडवलेला.

गाडी रशियन. ऊसतोडीत पराक्रम गाजवल्याबद्दल एरास्मोच्या वडिलांना ती मिळाली, तेव्हा सिएनफुएगोस शहरातल्या त्या गल्लीतली माणसं येऊन तिला हात लावून जात. चाळीस वर्षांत तिचं दार दुसऱ्या एका गाडीचं झालं, रेडिएटर ट्रॅक्टरचा झाला आणि इंजिनातल्या कॅमशाफ्टची पुली पाल्मिरा गावातल्या एकाने तिसरीच गाडी फोडून विकली ती बसली. एरास्मो काही मेकॅनिक नव्हता. साखर कारखान्यात चौतीस वर्षं तो उसाच्या वजनकाट्यावर बसला. कारखाना बंद पडला, तोलायला काही उरलं नाही आणि त्याला गाडीखाली आडवं होण्याची सवय लागली.

“घरात एक पलंग आहे,” त्याची बायको नेरेइदा म्हणायची. “आठवतोय का, म्हाताऱ्या?”

नेरेइदा गल्लीची शिंपीण. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि मागच्या महिन्यात तिने शेजारच्या उबाल्दोच्या पॅन्टला दोन्ही खिसे एकाच बाजूला लावले होते. उद्या सकाळी आठला सांता क्लाराच्या इस्पितळात तिचं पहिलं ऑपरेशन होतं. ही तारीख मिळायला सात महिने गेले होते. ती हुकली तर पुन्हा रांगेचं शेपूट. बस येणार की नाही, हे बसच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नसे. राहिली गाडी, आणि गाडीच्या टायमिंग बेल्टला सुकलेल्या शेंगेसारख्या भेगा गेल्या होत्या. सांता क्लारापर्यंतचे सत्तर किलोमीटर तो तगणार नव्हता.

नवा बेल्ट मेहुण्याने पनामाहून पायमोज्यात गुंडाळून पाठवला होता, आणि तो पोचला नेमका आज दुपारी.

हा बेल्ट पिस्टन हलवणारा खालचा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा वरचा कॅमशाफ्ट यांना एका तालात ठेवतो. ताल थोडा चुकला तर गाडी दम्याच्या माणसासारखी धापा टाकते. जास्त चुकला तर पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह त्याच्या वाटेत उभा असतो. मग व्हॉल्व्ह वाकतो, आणि या बेटावर दुसरा मिळेपर्यंत माणसाचे केस पिकतात. म्हणून दोन्हीकडच्या खुणा जुळवायच्या. पण वरची पुली परक्या गाडीची; तिच्यावरची कंपनीची खूण भलतीकडेच बोट दाखवी. एरास्मोने म्हणून जुना बेल्ट काढण्याआधी नेरेइदाच्या नेलपॉलिशचे दोन लाल ठिपके दिले: एक पुलीवर, एक समोरच्या कव्हरवर. मग बेल्ट उतरवला आणि पाठ सरळ करायला उबाल्दोकडे कॉफी प्यायला गेला.

परत आला तर पुली लखलखत होती आणि बाजूला नेरेइदा चिंधी घेऊन उभी होती.

“काय केलंस?”

“केरोसीनने घासली. चाळीस वर्षांची घाण होती. लोक काय म्हणतील?”

“पुलीला बघून? कोण लोक?” एरास्मोचा आवाज बारीक झाला. “आणि ते लाल ठिपके?”

“ते होय! माझी नेलपॉलिश सांडून ठेवलीस म्हटलं. नखाने खरवडून काढली.”

“घरातलं मांजर दिसत नाही तुला, आणि एवढासा ठिपका दिसला?”

“डाग म्हटला की दिसतो,” नेरेइदा ठसक्यात म्हणाली. त्याचा चेहरा तिला दिसला नाही, पण बादली पालथी घातल्याचा आवाज ऐकू आला. “काही महत्त्वाचं होतं का रे?”

घासताना पुली फिरलीही होती. एरास्मो उलट्या बादलीवर बसला. रागावण्याइतकंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. उबाल्दो डोमिनोचा डाव सोडून आला.

“अंदाजाने बसव आणि मार किल्ली,” तो म्हणाला. “चालली तर चालली.”

“आणि नाही चालली तर? तू पाठीवर घेशील हिला?”

“सांता क्लारापर्यंत? कमरेचं बघावं लागेल.” उबाल्दो डोमिनोकडे परत गेला.

एरास्मो बादलीवरून उठला आणि इंजिनाचं वरचं झाकण उघडू लागला. खूण पुसली तरी इंजिन स्वतःशी खोटं बोलत नाही, एवढं त्याला माहीत होतं. पहिला पिस्टन पेट्रोलच्या स्फोटाच्या वेळेला अगदी वर असतो, तेव्हा चौथ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह मिटत आलेला असतो, दुसरा उघडू लागलेला असतो, आणि दोन्ही सारखेच दबलेले असतात. पिस्टन वाटेत येऊ नयेत म्हणून त्याने क्रँक पाव फेरा मागे घेतला आणि पान्याने कॅमशाफ्ट हळूहळू फिरवायला लागला. पण दोन्ही सारखे दबले की नाही, ते त्याच्या राठ बोटांना कळेना.

“सरक,” नेरेइदा म्हणाली. तिने हात आत घालून दोन बोटं दोन व्हॉल्व्हवर ठेवली. “कशाला हात लावायचा नाही?”

“बाकी सगळ्याला.”

“फिरव. अजून. हळू, बैला! डावा एका दोऱ्याने खाली आहे. जरा मागे. केसभर पुढे. बस!”

“नक्की?”

“तीस वर्षं बाह्या जोडल्यात मी. दोन्ही खांदे सारखे आहेत.”

एरास्मोने क्रँक त्याच्या शाबूत खुणेवर आणला, बेल्ट चढवला, ताणला, आणि किल्ली न मारता पान्यानेच सगळं इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवलं. कुठे काही अडलं नाही. नेरेइदाने पुन्हा बोटं ठेवली आणि मान डोलावली. मगच तो स्टिअरिंगमागे बसला. सीटवर टेकून जांभई देत त्याने किल्ली फिरवली.

दोनदा इंजिन खोकलं. तिसऱ्यांदा लागलं आणि लागलेलंच राहिलं, एका सुरात.

डोमिनोच्या टेबलावरून उबाल्दो ओरडला, “मी म्हटलं होतं की नाही!”

“ऐकलंस?” नेरेइदा बाजूच्या सीटवर येऊन बसली. “पहाटे साडेपाचला निघू. म्हाताऱ्या?”

ऊन अजून भिंतीवर होतं आणि एरास्मो तोंड उघडं टाकून झोपला होता. नेरेइदाने डॅशबोर्ड चाचपला, आधी चुकून वायपर लावला, मग किल्ली सापडली. गाडी बंद करून ती तशीच शेजारी बसून राहिली.