आईला न दिलेली सुई

माजिवड्याच्या त्या दवाखान्याचे प्रकरण आजही जसेच्या तसे आठवते. मी तेव्हा ठाण्यात वरिष्ठ पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक बाई ठाणे अंमलदाराशी हुज्जत घालताना दिसली. तिला आत बोलावले.

"साहेब, माझ्या नवऱ्याला कंपवात हाय. माजिवड्याच्या डॉक्टरनी पेशींच्या सुया चालू केल्या नि सरकारी दवाखान्याच्या गोळ्या बंद करायला लावल्या. आता त्याला घास पण तोंडात नेता येत नाय."

औषध निरीक्षकांना विचारले. या आजारावर मूळ पेशींच्या (स्टेम सेल) अशा सुयांना मान्यताच नव्हती. सिद्ध न झालेला उपचार फक्त परवानगीच्या चाचणीत, रुग्णाला धोके समजावून सांगूनच देता येतो, असे ते म्हणाले. डॉक्टरने परवानगीचे पत्र भिंतीवर लावले होते. ते बनावट असावे असा संशय होता. पण जबाब द्यायला एकही रुग्ण तयार होईना. त्या बाईचा नवराच माझ्यावर उखडला, "मान्यता येईपर्यंत मी जगेन काय? सुई बंद करून तुम्ही मला काय देणार?"

नियम आशेच्या आड येतो, असे मलाही क्षणभर वाटले. गुन्हा मात्र बाईच्या फिर्यादीवरून नोंदवला.

डॉक्टर चौकशीत बधेना. शिकलेला आरोपी आवाज चढवत नाही, शब्द बदलतो. "हा प्रयोग आहे, साहेब. प्रयोगाशिवाय विज्ञान पुढे कसं जाणार?"

पंचांना घेऊन त्याच्या डोंबिवलीच्या घरी झडतीला गेलो. दार त्याच्या आईने उघडले. तिचेही दोन्ही हात थरथरत होते. टेबलावर कंपवाताच्या नेहमीच्या गोळ्या होत्या.

"आजी, मुलाची सुई नाही घेतलीत?"

"मी मागितली होती हो. तो म्हणाला, आई, त्याचं अजून काही खरं नाही. तू गोळ्या चुकवू नकोस."

परतल्यावर मी डॉक्टरला एकच प्रश्न विचारला, "आईला सुई का दिली नाहीत?" प्रत्येक प्रश्नाला उत्तर असलेल्या त्या माणसाने या वेळी 'प्रयोग' हा शब्द काढला नाही. म्हणाला, "तिला यात ओढू नका." मग त्यानेच ठाकुर्लीचे ते दुकान दाखवले, जिथे परवानगीचे ते बनावट पत्र तयार झाले होते. तिथला संगणक पंचांसमक्ष जप्त केला.

कोळीवाड्यात जाऊन ही हकीकत सांगितली.  "सोताच्या आईला दिली नाय?" नवऱ्याने विचारले. मग म्हणाला, "लिहा माझा जबाब." त्याच्या मागोमाग बाकीचे रुग्णही पुढे आले.

खटल्याच्या वेळेपर्यंत पुन्हा सुरू केलेल्या जुन्या गोळ्यांनी त्याला बरीच उभारी दिली होती. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तो कोणाचा हात न धरता चढला आणि आरोपीकडे बोट दाखवून सगळे सांगितले. शिक्षा झाली त्या दिवशी आमच्या पोलीस ठाण्यात त्या बाईने स्वतः पेढे वाटले.

ज्यांच्या आजारावर औषधच नाही, त्यांना काय सांगावे हे मला आजही माहीत नाही. पण नियम आशेच्या आड येतात, असे मी आता म्हणत नाही. आपल्या माणसाच्या बाबतीत जी खात्री आपण मागतो, तीच खात्री अनोळखी माणसासाठी मागणारे कोणीतरी लागते. ते काम नियम करतो, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला पोलीस असतात.