चीफकाकांचा कालवा

सगळं आयुष्य समुद्रावर काढून समुद्र न पाहिलेला माणूस या पृथ्वीवर एकच असावा, आणि तो चुलतसासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. चीफकाका हे माझ्या नवऱ्याचे सख्खे काका, मूळचे देवगडचे, मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर होते. जहाजावर कॅप्टन वर काचेच्या खोलीत उभा राहून क्षितिज बघतो आणि चीफ इंजिनिअर तळाशी, पाण्याच्या पातळीखाली, धडधडणाऱ्या इंजिनाशेजारी घाम पुसतो. काकांनी अटलांटिक ओलांडला, पॅसिफिक ओलांडला, आफ्रिकेला वळसा घातला. पण 'कसं होतं हो तिथे?' असं विचारलं की ते म्हणत, "गरम." सगळीकडे गरमच. जहाज बंदराला लागलं की ते देवगडला फोन करत आणि काकू मोठ्या हौसेने विचारत, "आज समुद्र कसा आहे?" काका म्हणत, "थांब, वर जाऊन बघून सांगतो," आणि ते वर जाऊन येईपर्यंत फोनचं कार्ड संपलेलं असे. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी सिंगापुरात, तुआसच्या एका शिपयार्डात काढली, काकूंना इथे आणलं, क्वीन्सटाउनमध्ये आमच्या दोन मजले खाली फ्लॅट घेतला, आणि आता दोघांनी मिळून समुद्र बघायचा असं ठरलं तेवढ्यात काकू गेल्या.

इंजिनरूमने त्यांच्या कानांची वाट लावली होती. काका कुजबुजले तरी खालच्या कॉफीवाल्याला ऐकू जाई; आमच्या मुलीला गणितात किती मार्क पडले हे आमच्या आधी ब्लॉकला, म्हणजे सगळ्या इमारतीला कळायचं. फ्रिज, वॉशिंग मशीन, लिफ्ट, जे यंत्र दिसेल त्यावर तळहात ठेवून ते डोळे मिटत आणि डॉक्टरी चेहऱ्याने म्हणत, "बेअरिंग जातंय." आमच्याकडच्या सत्यनारायणाला त्यांनी भटजींच्या ब्लूटूथ स्पीकरवरही हात ठेवला होता. सगळ्यात विचित्र सवय म्हणजे ऐकलेलं वाक्य परत म्हणून दाखवण्याची. जहाजावर वरून आलेला हुकूम खालच्याने जसाच्या तसा उच्चारायचा असतो, म्हणजे तो पोचला हे वरच्याला कळतं. "काका, चहा घेता?" "चहा घेतो." "काका, उद्या वीज नाही." "उद्या वीज नाही." पाहुण्यांना हसू येई. हॉस्पिटलात डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आय अ‍ॅम सॉरी अंकल, शी इज गॉन," तेव्हाही काका ताठ उभे राहून म्हणाले, "शी इज गॉन." डॉक्टरांना वाटलं, या माणसाला धक्का बसला आहे. मला कळलं की निरोप पोचला.

त्यानंतर काही महिने ते घराबाहेर पडले नाहीत. मग एक दिवस पडले आणि थेट कालव्यावर गेले. आमच्या घरापासून चालत जाता येईल असा हा कालवा, दोन्ही बाजूंना काँक्रीट, काठाने झाडं आणि पळणाऱ्यांसाठी वाट. पुढे जाऊन तो रुंद होतो आणि नदीला मिळतो. तिथे एका लहानशा क्लबचा तरंगता धक्का होता आणि त्याला दोनचार वल्ह्यांच्या होड्या बांधलेल्या असत. काकांनी त्या होड्या बघितल्या आणि त्यांच्या आयुष्याला नवं वेड लागलं. सिंगापुरात ठिकठिकाणी इतकं देखणं पाणी खेळवलंय आणि त्यावर माणूस नाही, हे त्यांच्या जिवाला लागून राहिलं. "रस्ता बांधला आणि गाडी सोडली नाही असं आहे हे," ते म्हणत. "पाण्यावर होडी नसेल तर ते गटार, सूनबाई. कितीही स्वच्छ असू दे." हा सिद्धांत ते काठाने पळणाऱ्या अनोळखी लोकांनाही थांबवून ऐकवत. लोक कानातले इअरफोन काढून सभ्यपणे ऐकत, "ओके अंकल" म्हणत आणि कानात परत घालून पळत सुटत. एमआरटीच्या गाडीत शेजारी बसलेल्याला, हॉकर सेंटरमध्ये समोर ताट घेऊन आलेल्याला, मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांना त्यांनी होडीचं आमंत्रण दिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या मुलीने तर पहिल्याच दिवशी निकाल लावला, "आजोबा, सो हॉट. डोन्ट वॉन्ट लाह."

राहता राहिले मी. मला पोहता येत नाही, ऊन सोसत नाही, आणि पाण्याकडे बघितलं की मला फक्त डेंग्यू आठवतो. पण घरातला म्हातारा माणूस एकटा पाण्यात जातो म्हटल्यावर कोणीतरी बरोबर जायला हवं, आणि घरात 'कोणीतरी' हे पद सुनेकडे असतं. होडीत वल्हवणारा माणूस पाठमोरा बसतो, म्हणजे जिकडे जायचं तिकडे त्याची पाठ असते. सुकाणूवाला त्याच्या समोर बसून पुढे बघतो. तेव्हा दर रविवारी मी आणि माझे चुलतसासरे गुडघ्याला गुडघा लागेल इतके समोरासमोर बसत असू. आमच्या घराण्यात सुना सासऱ्यांसमोर पाटावर बसत नसत. देवगडच्या सासूबाईंनी हा प्रकार व्हिडिओ कॉलवर बघितला आणि म्हणाल्या, "अगं, ते भावोजी मोठे आहेत, डोक्यावरून पदर तरी घे." मी म्हटलं, "आई, लाइफजॅकेटवरून पदर कसा घेऊ?" काका मात्र वल्ही मारताना गंभीर असत. पुढचं त्यांना दिसत नसे, ते मी सांगायचं.

"सूनबाई, पुढे काय?"

"पूल, काका."

"पूल. नंतर?"

"एक बगळा."

"बगळा," काका म्हणत, आणि इतक्या समाधानाने वल्हं मारत की जणू बगळा त्यांनीच तिथे बसवलाय. एकदा मी म्हटलं, काका, कयाक घ्या की, त्यात तोंड पुढे असतं. त्यांना राग आला. म्हणाले, "मला सवय नाही पुढचं बघायची. तू सांग. कोणी सांगितलं की मला दिसतं." काकूंची आठवण आम्हा दोघांनाही त्याच वेळी आली असावी.

धक्क्याला मात्र घरघर लागली होती. खालची तरंगती पिंपं गळत होती, एक बाजू बुडाली होती, क्लबचे जुने सभासद एकेक करून गुडघ्यांना किंवा नातवंडांना शरण गेले होते. क्लबच्या सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त चिनी शिक्षिका, अगदी बारीक आणि शांत बाई. त्यांना आम्ही मॅडम म्हणत असू. मॅडमनी सांगितलं की दुरुस्ती झाली नाही तर क्लबची समिती धक्का काढून टाकील. काका म्हणाले, "मग पैसा उभा करू." आणि त्या दिवाळीला आमच्या स्वयंपाकघराचं इंजिनरूम झालं. काकांनी चकल्या विकायच्या ठरवल्या. सोऱ्या त्यांनी पूर्ण उघडून, पुसून, परत जोडला. तेलात थर्मामीटर सोडला. कढईसमोर मी, आणि माझ्यामागे उभे राहून ते ओरडत, "तापमान उतरतंय! आच वाढव!" खालच्या मजल्यावरून मलय शेजारीण दोनदा काळजीने बघून गेली. एक मात्र खरं, चकली अशी काटेदार झाली की पार लांबच्या सेरंगूनपासून मराठी माणसं डबे घेऊन आली. जहाजावरची मुलं आली, युनिव्हर्सिटीतली पीएचडीवाली आली, बायका तर परत परत आल्या. प्रत्येकाला डब्याबरोबर काका होडीचं आमंत्रण देत, आणि प्रत्येक जण म्हणे, "नक्की येऊ काका, एकदा." मराठी माणसाचं 'एकदा येऊ' म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको, पण काकांचं अर्धं आयुष्य फिलिपिनो आणि युक्रेनियन लोकांत गेलेलं. ते प्रत्येकाला रविवारचा वेळ देऊन मोकळे होत.

पिंपं बदलली, धक्का सरळ झाला, त्याला नवा रंग लागला. आणि रविवारी काका पोह्यांचा डबा आणि मोठ्यांची-लहानांची लाइफजॅकेटं मांडून वाट बघत बसत. एकच कुटुंब आलं. नवऱ्याने धक्क्यावर वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढले, बायकोने पोहे छान झालेत म्हणून पाककृती विचारली, आणि काका होडी सोडणार तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की मुलाची ट्यूशन आहे. काका त्यांना हात हलवत राहिले. ते दिसेनासे झाल्यावरही हलवत होते. मला तो डबा घरी परत न्यायची लाज वाटली म्हणून मी उरलेले पोहे तिथेच बसून खाल्ले, भूक नसताना.

पुढच्याच महिन्यात मॅडम चहाला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अंकल, मनी गॉट ऑलरेडी. पीपल डोन्ट हॅव."

"पीपल डोन्ट हॅव," काका म्हणाले.

समिती आता किती माणसं धक्का वापरतात ते बघणार होती. हे ऐकून काकांनी जे केलं ते आठवलं की मला अजून हसू येतं. धक्क्याच्या खांबावर एक कॅमेरा होता. काकांच्या इंजिनिअरी डोक्याने असं घेतलं की माणसं तोच मोजतो. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी पांढरी टोपी घालून होडी काढत, दुपारी माझ्या नवऱ्याचा लाल टीशर्ट घालून, आणि संध्याकाळी चौकड्यांचा शर्ट, काळा चष्मा आणि किंचित लंगडत. रविवारी मलाही वेषांतर असे. एकदा पंजाबी ड्रेस, एकदा मुलीची बेसबॉलची टोपी. कॅमेऱ्याखालून जाताना ते चेहरा न दाखवता हात मात्र उंच करत, म्हणजे यंत्राची नोंद चुकायला नको. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे आधीच गेलेले. रात्री ते खांद्याला मलम चोळत बसत. "आज गर्दी बरी होती," ते म्हणत. मी म्हणे, "हो काका, बरी होती."

समितीची बैठक झाली आणि निरोप सांगायला मॅडम स्वतः धक्क्यावर आल्या. क्लब एका दूरच्या तलावावरच्या मोठ्या क्लबात विलीन होणार, धक्का निघणार. काकांनी वाद घातला. म्हणाले, कॅमेऱ्यात बघा, दिवसभर येणं-जाणं आहे. मॅडमनी खांबाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग काकांच्या चौकड्यांच्या शर्टाकडे.

"अंकल, दॅट कॅमेरा लाँग टाइम स्पॉइल ऑलरेडी," त्या म्हणाल्या. "आय काउंट मायसेल्फ. एव्हरी डे आय सिट देअर अँड काउंट." पलीकडच्या काठावरच्या बाकाकडे त्यांनी बोट दाखवलं. म्हणजे पांढरी टोपी, लाल टीशर्ट, लंगडणं, सगळं त्या बाईने इतके दिवस बघितलं होतं. "व्हाइट कॅप, रेड शर्ट, ऑल आय राइट डाउन सेपरेटली," त्या म्हणाल्या. "स्टिल नॉट इनफ."

काका या खेपेला काही परत म्हणाले नाहीत. त्यांनी मॅडमना नमस्कार केला, चष्मा खिशात ठेवला आणि होडी पुसायला घेतली. तलावावरच्या क्लबाने त्यांना बोलावलं होतं, एकदा जाऊनही आले. "छान आहे," म्हणाले, "पण तलाव कुठे जात नाही. फिरून तिथेच." परत गेले नाहीत. धक्का ओढून नेला त्या दिवशी मी ऑफिसातून रजा काढली होती. आभाळ भरलेलं होतं आणि पाण्यावर कोणीच नव्हतं. काका कठड्याला टेकून उभे होते, आणि इंजिनबोट धक्का घेऊन वळणाआड जाईपर्यंत त्यांनी मला पुढे काय दिसतंय ते एकदाही विचारलं नाही.

आता रविवारी आम्ही काठाने नुसते चालतो. काका कोणाला थांबवत नाहीत, होडीचा विषय काढत नाहीत, आणि ब्लॉकमध्ये लोक मला विचारतात, अंकल बरे आहेत ना, आवाज येत नाही. मागच्या आठवड्यात आम्ही धक्क्याच्या जागी उभे होतो. पाण्यात फक्त दोन लोखंडी खांब उरलेत. एक तरुण बाई बाबागाडी ढकलत आली, थांबली, पाण्याकडे आणि खांबांकडे बघत राहिली आणि काकांना म्हणाली, "अंकल, हिअर कॅन टेक बोट आ?"

इतकी वर्षं काकांनी माणसं धरून धरून ज्यासाठी विनवलं, ते न सांगता विचारणारी ही पहिलीच. मला वाटलं, आता ते भाषण सुरू करतील. त्यांनी कठडा घट्ट धरला.

"लास्ट टाइम कॅन," काका म्हणाले. इथल्या इंग्रजीत म्हणजे, पूर्वी मिळायची.

"वाह, सो नाइस. नाऊ कॅनॉट?"

"नाऊ कॅनॉट."

ती "अय्या, सो वेस्टेड" म्हणाली आणि बाळाला पाणी दाखवून पुढे गेली. काका बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत होते. मग, त्यांच्या मानाने अगदी हळू, म्हणजे मला आणि शेजारच्या बाकावरच्या दोघांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "सूनबाई, मी तिला काही बोललो नव्हतो ना?"

"नाही काका."

"हातबित केला नव्हता?"

"नाही. तिने आपणहून विचारलं."

पाऊस यायच्या आत आम्ही परत फिरलो. लिफ्टपर्यंत पोचेस्तोवर त्यांनी तेच मला आणखी दोनदा विचारलं, आणि मी दोन्ही वेळा तेच सांगितलं.