कथबर्टला टाऊन दाखवायचं राहिलं होतं

लेस्टेर गावात कुणालाही विचारा, ईस्मे बेडो आयुष्यात कधी रस्ता चुकली नाही. चुकेल कशी? दिसेल त्याला थांबवून विचारायची तिची सवय. आपल्याच गावातल्या पायवाटेवरही "काय रे, पुढे चिखल आहे का?" असं विचारल्याशिवाय ती पाऊल टाकायची नाही. तिचा नवरा कथबर्ट नेमका उलटा. समुद्रावर त्रिनिदादपासून सेंट बार्टपर्यंत अंधारातही होडी हाकेल, पण जमिनीवर कुणाला काही विचारायची वेळ आली की तोंडाला कुलूप. लग्नाच्या दिवशी चर्चचं मागचं दार कुठे आहे हे न विचारल्यामुळे तो अर्धा तास बाहेर उभा होता, ही गोष्ट गावात अजून सांगतात.

चाळीस वर्षं त्यानं मालवाहू शिडाच्या होडीवर काढली. आमच्या कारियाकू बेटावरून शेळ्या-मेंढ्या आणि तूर घेऊन टाऊनला जायचं, टाऊनहून सिमेंट आणि पीठ घेऊन यायचं. टाऊन म्हणजे शेजारच्या मोठ्या बेटावरचं सेंट जॉर्जेस. आमच्याकडे दुसऱ्या कुठल्या शहराला टाऊन म्हणत नाहीत. घरी आला की पायरीवर बसून तो टाऊनच्या गोष्टी सांगायचा. मार्केटातल्या जायफळवाल्या बाईचं भांडण, बोगद्यात अडकलेली बस, किल्ल्यावरून बंदराकडे बघितलं की बोटी कशा मुठीत मावतील एवढ्या दिसतात ते. ईस्मे मक्याचे दाणे सोलत ऐकायची. ती स्वतः टाऊनला दोनदाच गेली होती, दोन्ही वेळा आजारी लेकीला घेऊन, आणि हॉस्पिटलच्या भिंतींपलीकडे तिला काही दिसलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी कथबर्टचा पाय अधू झाला. तेव्हा त्यानं एक नवीनच टुमणं लावलं.

"ईस्मे, एकदा टाऊनला जाऊ या. दोघं."

"चाळीस वर्षं बघितलंस, पोट भरलं नाही? तिथे नुसते चढ. तुझा पाय बघ आधी."

"तू बरोबर असलीस की बरं पडेल."

"शेळी व्याली की जाऊ."

शेळी व्याली. मग तूर काढायला आली. मग पाऊस लागला. मग कथबर्ट गेला, आणि टाऊनला जायचं राहिलं ते राहिलंच.

आमच्याकडे माणूस पुरला म्हणजे संपलं असं नाही. थडग्यावर नावाचा दगड बसेपर्यंत तो अर्धामुर्धा घरातच असतो. दगडाला दहा वर्षं लागोत, पंधरा लागोत. मुलं परदेशातून पैसे पाठवतात, मग दगड येतो. आला की तो थेट दफनभूमीत जात नाही. आधी घरात येतो, पलंगावर पांढऱ्या चादरीखाली एक रात्र झोपतो, शेजारीपाजारी येऊन त्याच्याशी दोन शब्द बोलून जातात. दुसऱ्या दिवशी ढोल. ढोलाचं पहिलं गाणं माफीचं. घरचे सगळे गुडघ्यावर बसतात आणि मनात जे अडकलं असेल ते तिथे सोडतात. मगच दगड बसतो आणि मगच जेवणं.

कथबर्टला जाऊन अकरा वर्षं झाली तेव्हा तो ईस्मेच्या स्वप्नात आला. दारात उभा, पायात बूट, हातात टोपी. बोलला काहीच नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात; कथबर्टची मेल्यावरही गेली नव्हती. बायका म्हणाल्या, भूक लागली असेल त्याला. ईस्मेनं रीतीप्रमाणे बिनमिठाचा भात आणि मक्याचा गोळा पांढऱ्या कापडावर मांडला. आठवड्यानं तो परत आला. परत बूट.

"भुकेला माणूस बूट घालून येत नाही," ईस्मे शेजारणीला म्हणाली. तिला कळायचं ते कळलं होतं.

परदेशात, हडर्सफील्डला असलेल्या लेकीनं पैसे पाठवले, टाऊनच्या एका गवंड्याकडे दगड सांगितला गेला. असले दगड सगळे लोक मालाबरोबर मागवतात. ईस्मे म्हणाली, "मी आणायला जाते."

ढोलाचा म्होरक्या सिमियन कथबर्टचा चुलतभाऊ, तरुणपणी त्याच्याच होडीवरचा सोबती. रीतभातीला असा कडक की गाण्याचा एक शब्द इकडचा तिकडे झाला तर ढोल थांबवणारा.

"जा, पण गुरुवारच्या संध्याकाळच्या बोटीनं परत ये," त्यानं बजावलं. "शुक्रवारी ढोल आहे. दगड रात्रभर घरच्या पलंगावर झोपला नाही, तर मी कातड्याला हात लावणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

"सिमियन, मी काय लहान आहे?"

"लहान नाहीस म्हणूनच सांगतो. लहान मुलं ऐकतात."

गुरुवारी पहाटेच्या बोटीनं ईस्मे निघाली. पिशवीत धुतलेली पांढरी चादर, छोट्या बाटलीत रम, आणि परतीची दोन तिकिटं काढायची हे मनात पक्कं.

गवंड्याच्या अंगणात दगड भिंतीला टेकवून ठेवला होता आणि त्यावर कुणाची तरी अर्धी चड्डी वाळत होती. ईस्मेनं ती दोन बोटांनी उचलली.

"ही कुणाची?"

"माझी," गवंडी म्हणाला.

"मग तू झोपलास की मी तुझ्यावर माझा परकर वाळत घालीन. चालेल?"

गवंडी टाऊनचा, त्याला काय कळणार. पण त्यानं मुकाट्यानं दगड पुसून दिला आणि ढकलगाडीवाल्या लेनर्डला हाक मारली. लेनर्ड पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, बोलण्यात हात न आखडणारा. ईस्मेनं गाडीत चादर अंथरली, दगड आडवा निजवला, वरून पांघरलं.

"टँटी," मावशी म्हणावं तसं तो म्हणाला, "एवढं काय झाकताय? चोरीचा माल आहे का?"

"माझा नवरा आहे."

लेनर्डनं चादरीकडे बघितलं, मग ईस्मेकडे. "कारियाकूच्या ना तुम्ही?"

"हो."

"मग बरोबर," तो म्हणाला आणि डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली.

दोघं बंदरावर आली. घोड्याच्या नालासारखा वाकलेला धक्का, त्याला लागलेल्या होड्या, पाठीमागे एकावर एक चढलेली लाल कौलं. ईस्मे चादरीजवळ वाकून बोलत होती. "हे बघ, ती तुझी जागा. आणि ती पिठाची वखार, नाही का? तू सांगायचास ती." लोक वळून बघत होते. बघू देत.

दोरखंड बांधायच्या खुंटाजवळ एका म्हातारीचा कोको-टीचा, म्हणजे गरम कोकोचा, ठेला होता. ईस्मेनं दोन कप मागितले, एक गाडीच्या कडेवर ठेवला. म्हातारीला सगळे मिस ओडेसा म्हणत. तिनं सरळ पदर उचलावा तशी चादर उचलून नाव वाचलं.

"कथबर्ट बेडो! अगं बाई. हा कारियाकूचा कथबर्ट?"

"ओळखत होता तुम्ही?"

"ओळखत? चाळीस वर्षं ह्या बाकावर बसला तो. ह्या बाकाच्या पलीकडे एक पाऊल टाकलं नाही त्यानं."

ईस्मे हसली. "तो दुसरा कुणी असेल. माझ्या कथबर्टला सगळं टाऊन पाठ होतं. मार्केट, बोगदा, किल्ला..."

"ते मी सांगायचे गं त्याला!" ओडेसानं कमरेवर हात ठेवले. "आला की विचारायचा, ओडेसा, वर आज काय चाललंय? मी सांगायचे. म्हणायचा, नीट सांग, घरी बायकोला सांगायचंय."

मग तिनं सगळंच सांगितलं. पहिल्या खेपेला एकोणीस वर्षांचा कथबर्ट टाऊन बघायला वर गेला आणि गल्ल्यांत हरवला. बंदर खाली, शंभर पावलांवर. पण कुणाला विचारेल तर शपथ. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत फिरत राहिला. होडीवरच्या पोरांना तो चर्चच्या मागे सापडला तेव्हा रडत होता. पुढे महिनाभर पोरं त्याला कारियाकूचं कोकरू म्हणत होती.

"सगळ्यात जास्त हसायचा तो ढोल वाजवणारा. सिमियन का कोण. हा जेवायला बसला की तो बें बें करायचा. त्यानंतर कथबर्ट हा धक्का सोडून कधी गेला नाही."

ईस्मेला आधी रागच आला. "खोटारडा!" म्हणत तिनं दगडावर चापट मारली. चाळीस वर्षं पायरीवर बसवून हा तिला दुसरीच्या तोंडचं टाऊन सांगत होता! आणि मग तिचा हात तिथेच राहिला. त्यानं म्हटलं होतं, तू बरोबर असलीस की बरं पडेल. तिला वाटलं होतं, म्हाताऱ्याला आधाराला हात हवाय. त्याला हात नको होता. त्याला रस्ता विचारणारं माणूस हवं होतं, आणि तसं एकच माणूस त्याच्या ओळखीचं होतं.

"मी त्याला शेळीसाठी थांबवलं," ती म्हणाली आणि भर बंदरावर रडायला लागली. ओडेसानं तिच्या हातातला कप काढून घेतला, पण समजूत घालायच्या भानगडीत पडली नाही.

चर्चच्या घड्याळात साडेचार झाले होते. बोट साडेपाचला.

ईस्मेनं तोंड पुसलं. "लेनर्ड, किल्ल्यावर जायला किती वेळ?"

"रिकाम्या हातानं वीस मिनिटं. ह्या बाबांना घेऊन? देव जाणे. टँटी, बोट चुकेल."

"चल."

टाऊनचे चढ म्हणजे चढ, आणि ईस्मेनं गाडी मुद्दाम चर्चच्या मागच्या गल्लीतून घ्यायला लावली. लेनर्ड पुढून ओढत होता, ईस्मे मागून ढकलत होती, आणि प्रत्येक कोपऱ्यावर ती गाडी थांबवत होती. भाजीवालीला विचारलं, किल्ला कुठे. शाळेतून परतणाऱ्या मास्तरणीला विचारलं. दाढी करून घेत असलेल्या माणसाला विचारलं, तर त्यानं फेसासकट हात लांब करून दाखवलं.

"टँटी," लेनर्ड धापा टाकत म्हणाला, "मी जन्मलोय इथे. मला रस्ता माहीत आहे."

"तुला माहीत आहे रे. त्याला ऐकू दे."

पुढच्या कोपऱ्यावर लेनर्ड स्वतःच थांबला आणि एका पोलिसाला मोठ्यानं म्हणाला, "साहेब, किल्ल्याचा रस्ता कुठला हो?" पोलीस त्याच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा होता. त्याला वाटलं, उन्हानं लेनर्डचं डोकं फिरलं. पण त्यानं रस्ता दाखवला आणि शेवटच्या चढाला एक हातही लावला.

वर पोचल्यावर ईस्मेनं चादर काढली आणि दोघांनी दगड उभा केला, बंदराकडे तोंड करून. खाली पाण्यावर ऊन तिरपं पडलं होतं. बोटी खरंच मुठीत मावतील एवढ्या होत्या. त्यातली एक पांढरी बोट धक्का सोडून निघाली होती, उत्तरेकडे, कारियाकूकडे. ईस्मेनं ती खडकांआड जाईपर्यंत बघितली.

"ओडेसानं बरोबर सांगितलं होतं तुला," ती दगडाला म्हणाली.

सिमियनला फोन केला तेव्हा त्यानं एवढंच म्हटलं, "मला जे सांगायचं होतं ते मी आधीच सांगितलं होतं," आणि फोन ठेवला. दगड त्या रात्री ओडेसाच्या पलंगावर झोपला, पांढऱ्या चादरीखाली, शेजारी ईस्मे.

शुक्रवारी ती दगड घेऊन अंगणात आली तेव्हा सगळं गाव जमलं होतं. मोठ्या पातेल्यांत भात शिजत होता, बोकडाच्या मटणाचा वास सुटला होता. तीन ढोल तयार होते आणि मधल्या ढोलामागे सिमियन हात मांडीवर ठेवून बसला होता.

"कुठे झोपला तो काल?"

"टाऊनला."

"कुणाच्या पलंगावर?"

"एका बाईच्या. ठेला आहे तिचा बंदरावर."

बायकांत कुजबुज झाली. सिमियनचे हात मांडीवरून हलले नाहीत. ईस्मेच्या मनात एक शब्द होता, बें, आणि तो म्हटला असता तर सिमियनची चार गावांत शोभा झाली असती. दोन्ही बेटांच्या मधल्या सगळ्या पाण्यावर तिनं तो तोंडात धरून आणला होता. तिनं तो गिळला.

"बोट मी मुद्दाम चुकवली, सिमियन," ती म्हणाली. "त्याला किल्ल्यावर नेलं. चर्चच्या मागून. प्रत्येक कोपऱ्यावर रस्ता विचारत."

सिमियननं मान वर केली. "चर्चच्या मागून?"

"हो."

तिला सगळं माहीत आहे आणि ती सांगणार नाही, हे सिमियनला कळलं. मग ईस्मे दगडासमोर गुडघ्यावर बसली, कारण माफीच्या गाण्याची वेळ झाली होती, ढोल वाजो न वाजो. शेळी, तूर, पाऊस, सगळं तिला आठवत होतं.

ढोलाचा म्होरक्या कधी गुडघ्यावर बसत नाही. माफी घरच्यांनी मागायची, त्यानं वाजवायचं, ही रीत. सिमियन उठला. त्यानं ढोल बाजूला सारला, ईस्मेशेजारी येऊन एक एक गुडघा हातानं वाकवत खाली बसला आणि दगडाला कपाळ लावलं. साठ वर्षांपूर्वीचं काय ते, बाकी कुणाला कळलं नाही.

त्या दिवशी लेस्टेरला ढोल बराच उशिरा सुरू झाला.