बुडालेल्यांचं पान

पिराजीअण्णानं हुपरीत वीस वर्षं पैंजण उजळायचं काम केलं. विस्तवावर तापवायचं, तेजाबात बुडवायचं, मग रिठ्याच्या पाण्यात घासायचं. काळंकुट्ट आत जायचं आणि नवरीच्या पायात शोभेल असं बाहेर यायचं. तेजाबानं नखं पिवळी पडली, खोकला लागला, तेव्हा त्यानं राजारामपुरीत एका जिन्याखाली जुन्या नाण्यांचं दुकान टाकलं. माणसं आज्ज्याचा रुपया पुढं ठेवायची आणि अण्णा भिंगाला हात न लावता मोल सांगायचा. चांदीतलं आपल्याला कळत नाही असं काही असू शकतं, हे त्याच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं.

गेल्या वर्षी बायडाबाई आली. सुक्या मासळीचा धंदा, पेठ वडगावच्या बाजारात बसणारी, राहायला कळंब्यात. तिचा नवरा जयसिंग मालवणहून मासळीचा ट्रक आणायचा. होड्या किनाऱ्याला लागेपर्यंत तो वाळूत फिरत राहायचा. वादळ होऊन गेलं की समुद्र जे बाहेर टाकेल ते उचलायचं, हा त्याचा नाद. तो वारला आणि बिस्किटाचा एक डबा मागं उरला. त्यात जाळ्याची शिशाची वजनं होती, गंजके खिळे होते, पितळी बटणं होती, आणि वाळू-शिंपल्यांनी घट्ट धरलेला एक काळा गोळा. गोळ्यातून नाण्यांच्या कडा दिसत होत्या.

बाकीचं सगळं मोडीत जाईल, हे अण्णानं एका दमात सांगून टाकलं. गोळा मात्र त्यानं तळहातावर तोलला. चांदी होती.

"इकायचं न्हाई अण्णा," बायडाबाई म्हणाली. "ह्याच्यासंगट कोण तरी बुडालंय, असं मालक म्हणायचं. कुणाचं हाय तेवढं सांगा. ते कळावं म्हणून लई जीव तुटायचा त्यांचा."

अण्णानं आठ दिवसांची मुदत घेतली. पुण्याच्या एका जाणकाराला फोन लावला, तर तो म्हणाला, गोड्या पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा, सहा महिने तरी हात लावू नका. अण्णाला हसू आलं. चांदी कशी उजळायची हे आता आपल्याला फोनवरून शिकायचं? त्यानं गोळा तापवला आणि तेजाबात सोडला.

फसफस झाली. वास सुटला. चिमट्यानं चाचपलं तर चिमट्याला काहीच लागेना. खाऱ्या पाण्यानं आतली चांदी कधीच खाल्ली होती, गोळा नुसता आकार धरून राहिला होता. तळाशी राखाडी गाळ उरला. चांदीवाल्याच्या हातून कणही टाकवत नाही, म्हणून अण्णानं तो लोणच्याच्या बरणीत भरला आणि बरणी फळीवर मागं सरकवली.

आठ दिवसांनी त्यानं स्वतःच्या खणातली पाच झिजकी, काळी नाणी काढली आणि गोळ्यातली म्हणून बायडाबाईच्या हातावर ठेवली. गोळ्यापेक्षा ती महागच होती, असं त्यानं मनाला सांगितलं. कुणाची, असं तिनं विचारलं तेव्हा, एकदा खोटं बोललेल्याला दुसऱ्यांदा सोपं जातं तसं, पोर्तुगालहून निघालेलं जहाज, चाळीस खलाशी, वादळ, असं सगळं त्यानं रंगवून सांगितलं. बायडाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

तेव्हापासून दर आठवड्याला बोंबलाची पुडी यायला लागली. बायडाबाई पैसे घेईना. अण्णा ती शेजारच्या वॉचमनला द्यायचा. त्याच्या स्वतःच्या घशाखाली उतरायची नाही. फळीवरची बरणी त्यानं दोनदा टाकायला काढली आणि दोनदा परत ठेवली.

भाद्रपदात बायडाबाई आवतण घेऊन आली. जयसिंगाचा म्हाळ होता, पितरांच्या नावानं जेवू घालायचा दिवस. त्याच्या पानाशेजारी बुडालेल्यांचंही एक पान मांडणार होती, आणि त्या पानावर जेवायला अण्णानंच बसायचं होतं. अण्णानं साखरेचं कारण काढलं, गुडघ्याचं काढलं.

"दोन घास खावा की," ती म्हणाली. "तुमच्यामुळं त्यांचा ठावठिकाणा लागला. दुसऱ्या कुणाला बशिवणार?"

कळंब्यात तिच्या घराच्या सोप्यात दोन पानं मांडली होती. जयसिंगाच्या पानावर त्याचा थोरला भाऊ हंबीरराव बसला. अण्णाच्या पानावर वडे, आमटी, गवारीची भाजी, आणि वरच्या अंगाला हळदकुंकू वाहिलेली ती पाच नाणी. बायडाबाईनं हात जोडले.

"पावणं, लांबनं आलायसा," ती नाण्यांना म्हणाली. "लाजू नगासा. पोटभर जेवा."

अण्णाचा घास हातातच राहिला. आमटी मनगटावर ओघळली. मान वर न करता त्यानं सांगून टाकलं. तेजाब, गाळ, बरणी, खण, सगळं. हंबीरराव पानावरून उठायला लागला, पण बायडाबाईनं त्याला हातानंच थांबवलं.

"आनि ते पोर्तुगालचं जहाज?"

"मनानंच रचलं."

"मग गोळ्यातली कुणाची हुती?"

"बघितलंच न्हाई, आक्का. बघायच्या आदीच बुडवली."

बायडाबाईनं पाची नाणी उचलली, पदरानं कुंकू पुसलं आणि अण्णाच्या गुडघ्याशी ठेवली. बरणी उद्याच्याला घेऊन या, एवढं म्हणाली. अण्णा उठायला लागला.

"बसा," ती म्हणाली. "मेलेल्यांच्या नावानं वाढलंय. त्यांचं नाव तर तुमी घालवलंसा. आता पान तरी टाकून उठू नगासा."

तिनं खीर वाढली. अण्णा जेवायला लागला. वडा चावताना होणारा आवाजही त्याला मोठा वाटत होता. पानावरचं शेवटचं शीत संपेपर्यंत बायडाबाई त्याच्या समोरून हलली नाही.