आपल्याच जिनिंगचा धूर

त्या दिवसांत सीमेवर ड्रोन उडत होते आणि आमच्या अमरावतीच्या घरात बाबांचा फोन वाजत होता. शेजारच्या देशाचं अमकं बंदर जळालं, तमकी छावणी उडाली. जेवायला हाक मारली, तर म्हणत, थांब वं, युद्ध चालू आहे. मी चिडायची. युद्ध तिकडं चालू आहे, तुम्ही वरण-भात खाऊन घ्या.

बाबांची सारी नोकरी अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, गेली. तिथल्या जुन्या कामगारांच्या ग्रुपवर त्यांनी एक व्हिडिओ टाकला. आगीचे लोळ, स्फोटांचे आवाज, खाली ‘शत्रूचं बंदर खाक’. वर पदरचं ‘बरी जिरली’ जोडलं.

ग्रुपवर बाबांचे एक जुने जोडीदारही होते, अकोल्याच्या जुन्या शहरातले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. दर ईदेला त्यांचा शीरखुर्म्याचा डबा एसटीनं आमच्याकडे यायचा आणि दिवाळीला त्याच डब्यातून आमचा चिवडा अकोल्याला जायचा. चाचांनी एवढंच लिहिलं, हे आपलं जिनिंग आहे, नीट पाहा.

होतंच ते. कधीकाळी रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठींना लागलेली आग. त्या धुरातून चाचांनीच बाबांना ओढून बाहेर काढलं होतं. चौकीदारानं तेव्हा काढलेल्या व्हिडिओवर कोणीतरी स्फोटांचे आवाज चढवले होते. मी शोधलं, तर पलीकडचे लोक तोच व्हिडिओ ‘भारताचा विमानतळ पेटला’ म्हणून फिरवत होते. जळाली आमची रुई, आणि टाळ्या दोन्ही देशांत!

पण चूक कबूल करतील तर ते बाबा कसले? मी त्यांना हे दाखवेपर्यंत त्यांनी सगळ्यांदेखत लिहून टाकलं होतं, ‘तुले काहून एवढं झोंबलं?’ बाकीच्यांना तेवढंच हवं होतं. ज्यानं त्यानं तोंडसुख घेतलं; एकानं तर लिहिलं, ‘याचा फोन तपासा, तिकडचे नंबर निघतील.’ चाचा ग्रुपमधून निघून गेले.

डबा आमच्याकडेच राहिला. दिवाळीत आईनं चिवडा भरून ठेवला. बाबा म्हणाले, आधी त्याचा फोन येऊ दे. कशाला येतोय फोन! चिवडा सादळला, आम्हीच संपवला. मला अजून त्याचं वाईट वाटतं. तेव्हाच गेलो असतो, तर कदाचित निभावलं असतं.

शेवटी ईद जवळ आली, तेव्हा मीच बाबांना अकोल्याला घेऊन गेले. चाचांनी बसवलं, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मी रिकामा डबा पुढं केला, तो त्यांनी बाजूला ठेवला. मग खिशातला फोन काढून बाबांच्या पुढ्यात ठेवला.

“आधी हा तपासून घे,” ते म्हणाले. “मंग चहा सांगतो.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. बाबांनी फोनला हात लावला नाही. चहा आला, आम्ही तो प्यालो आणि निघालो.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर मागं पडेपर्यंत बाबा खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, “त्याच्या जागी मी असतो, तर चहा पाजला नसता.”

ईद येऊन गेली. डबा अकोल्यालाच आहे.